धूर आणि जागा : दिल्लीतील वाहतूकविषयक धोरणांची चिकित्सा (१९९८ ते २०२५)

प्रस्तावना

मोटारवाहनांच्या वाढीमुळे शहरांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक धुराचा व दुसरा जागेचा. धूर इंजिनातून आणि इंधनातून निर्माण होतो; कोंडी मात्र वाहन रस्त्यावर जेवढी जागा अडवते तिच्यामुळे होते. हे दोन्ही प्रश्न एकाच चौकात, एकाच वेळी अनुभवास येत असल्यामुळे सामान्य बोलण्यात ते एकच मानले जातात. शासकीय कागदपत्रांतही 'प्रदूषण व वाहतूक कोंडी' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, एकावर योजलेला उपाय दुसऱ्यावरही आपोआप लागू पडेल असे गृहीत धरले जाते. वस्तुतः या दोन प्रश्नांची कारणे भिन्न आहेत, त्यांवरील उपाय भिन्न आहेत आणि त्या उपायांचा भार ज्यांना सोसावा लागतो तो समाजघटकही भिन्न आहे.

प्रस्तुत लेखात दिल्ली शहरातील तीन धोरणांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे : सार्वजनिक वाहनांचे सीएनजी इंधनावर रूपांतर, बससाठी राखीव मार्गिका आणि सम-विषम क्रमांकांची योजना. न्यायालयीन आदेश, रस्त्याची पुनर्रचना आणि वाहनवापरावर प्रत्यक्ष निर्बंध असे तीन वेगळे मार्ग सुमारे दोन दशकांच्या अवधीत एकाच शहरात चोखाळले गेले, म्हणून दिल्लीची निवड केली आहे. विवेचन उपलब्ध दुय्यम साधनांवर आधारलेले असून पद्धती वर्णनात्मक व तुलनात्मक आहे.

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) तिन्ही धोरणांचे घोषित हेतू व प्रत्यक्ष परिणाम यांची तुलना करणे.
२) प्रत्येक धोरणाचा भार कोणावर पडला याचा शोध घेणे.
३) विद्युत वाहनांना उत्तेजन देण्याच्या सध्याच्या धोरणाचे या अनुभवाच्या प्रकाशात परीक्षण करणे.

राष्ट्रीय धोरणाची भूमिका

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहनांऐवजी माणसांना केंद्रस्थानी ठेवावे, हे या धोरणाचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व होय. एका बसमधून चाळीस-पन्नास माणसे जात असतील आणि एका मोटारीतून एक किंवा दोन, तर रस्त्यातील बसचा वाटा त्या प्रमाणात ठरला पाहिजे, असा या तत्त्वाचा सरळ अर्थ निघतो. पायी चालणारे व सायकलस्वार यांना प्राधान्य द्यावे, तसेच वाहन उभे करण्याचे शुल्क त्या वाहनाने अडवलेल्या जमिनीच्या खऱ्या मूल्याला साजेसे असावे, अशीही भूमिका या धोरणात आहे.

विचार म्हणून हे धोरण आजही प्रगत वाटते. तथापि धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्यातील तत्त्वे अंमलात आणण्याची जबाबदारी राज्य शासने व महानगरपालिका यांच्यावर राहिली आणि या संस्थांना प्रत्येक चौकात मोटारचालकाच्या रोषाला तोंड द्यावे लागते. तत्त्वाचा स्वीकार कागदावर आणि त्याची कसोटी रस्त्यावर, अशी ही विभागणी झाली. ती किती निर्णायक ठरली हे दिल्लीच्या अनुभवावरून दिसून येते.

सीएनजीचा निर्णय : अर्धी पाळलेली आज्ञा

दिल्लीच्या हवेविषयीची एम. सी. मेहता यांची जनहित याचिका १९८५ मधील आहे. तिच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी भुरेलाल समितीच्या शिफारशींच्या आधारे महत्त्वपूर्ण आदेश दिला. शहरातील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर चालवाव्यात, असे त्यात फर्मावले होते. मुदत टळली, वाहनमालकांनी विरोध केला, इंधनकेंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेलवर चालणाऱ्या बसना दैनंदिन दंड ठोठावला. अखेर डिसेंबर २००२ पर्यंत शहरातील बसवाहतूक सीएनजीवर आली. जगात अन्यत्र इतक्या मोठ्या प्रमाणावर व इतक्या कमी वेळात असे रूपांतर क्वचितच झाले असेल. न्यायालयीन सक्रियतेचे यशस्वी उदाहरण म्हणून पर्यावरणशास्त्राच्या वर्गात आपण ते आजही शिकवतो.

या आदेशात आणखी एक कलम होते, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. शहरातील बसची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत दहा हजारांवर न्यावी, असे न्यायालयाने त्याच दिवशी, त्याच आदेशात सांगितले होते. हे कलम मुदतीत पाळले गेले नाही आणि पुढील दोन दशकांतही बसचा तुटवडा ही दिल्लीची कायमची तक्रार राहिली. आदेशातील इंधनाचा भाग दंडाच्या बळावर पूर्ण करून घेण्यात आला. बससंख्येचा भाग तसाच राहिला.

या विषमतेचे कारण तपासले पाहिजे. इंधन बदलण्याचा भार बसमालक, रिक्षाचालक व टॅक्सीचालक यांच्यावर पडला. ते परवान्यावर जगणारे लोक असल्याने परवान्याच्या मार्गाने त्यांच्यावर सक्ती करता आली. दहा हजार बस रस्त्यावर आणायच्या तर शासनाला पैसा खर्च करावा लागला असता आणि त्या बसना वाट देण्यासाठी खाजगी मोटारींना मागे सारावे लागले असते. खाजगी मोटार या संपूर्ण प्रकरणात जवळजवळ अस्पर्शित राहिली. त्याच काळात डिझेल व पेट्रोल यांच्या दरांतील तफावतीमुळे डिझेलवर चालणाऱ्या खाजगी मोटारींची विक्री वाढत गेली, हा विरोधाभास येथे नोंदवणे आवश्यक आहे. बसमधून बाहेर काढलेले डिझेल मोटारीतून रस्त्यावर परतले. सीएनजीमुळे आरंभीच्या काळात हवेत झालेली सुधारणा टिकली नाही. नोंदणीकृत वाहनांची संख्या मात्र २०१७-१८ च्या सुमारास एक कोटीच्या पुढे गेली व त्यांत दुचाकी आणि मोटारी यांचाच बहुतांश वाटा होता.

बसची मार्गिका : जागेच्या वाटपाचा पहिला व शेवटचा प्रयोग

राष्ट्रीय धोरणातील जागेचे तत्त्व दिल्लीत प्रथम एप्रिल २००८ मध्ये प्रत्यक्षात आले. आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर मधोमध बससाठी स्वतंत्र मार्गिका राखण्यात आली. सायकलींसाठीही वेगळी जागा होती. मूळ आराखडा दिल्ली गेटपर्यंतचा होता. पण काम मूलचंदच्या पुढे सरकलेच नाही.

या प्रयोगात दोष नव्हते असे म्हणता येणार नाही. चौकांतील सिग्नलचा कालावधी फार लांब होता. नादुरुस्त बस मार्गिकेतच उभी राहिली की मागच्या बस अडकत. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रवाशाला धावत्या वाहनांतून वाट काढावी लागे आणि दुचाकीस्वार राखीव मार्गिकेत सर्रास घुसत. इतक्या आखूड मार्गावर अशा व्यवस्थेचा पुरता लाभ मिळणेही अवघड होते. हे सर्व दोष मान्य केले तरी एक गोष्ट शिल्लक राहते. या मार्गावर मोटारींच्या मानाने संख्येने अगदी थोड्या असलेल्या बस निम्म्याहून अधिक प्रवाशांची वाहतूक करीत होत्या. म्हणजे ज्यांना जागा दिली होती ते बहुसंख्य होते.

तरीही वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून चर्चा झाली ती प्रामुख्याने उरलेल्या मार्गिकांत खोळंबलेल्या मोटारींची. बसची मार्गिका रिकामी दिसते आणि शेजारी मोटारींची रांग लागते, या दृश्याचा आधार घेऊन तिला जागेची उधळपट्टी ठरवण्यात आले. या आक्षेपात एक तार्किक चूक आहे. मार्गिका रिकामी दिसते ती बस वेगाने निघून जाते म्हणून. जी मार्गिका सदैव भरलेली दिसते तिच्यातून माणसे पुढे सरकत नसतात. डोळ्यांना वाहने दिसतात, वाहनांतील माणसांची मोजदाद डोळे करीत नाहीत; आणि राष्ट्रीय धोरणाने सांगितले होते ते नेमके माणसे मोजण्याचे.

राखीव मार्गिका सर्व वाहनांना खुली करावी, या मागणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयात टिकलेली ही मार्गिका राजकारणात मात्र टिकली नाही. २०१५ मध्ये नव्या राज्य शासनाने ती मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ च्या आरंभी ती उखडण्यास सुरुवात झाली. मार्गिका उभारणारे व मोडणारे शासन भिन्न पक्षांचे होते, पण ती वाचवण्यासाठी कोणत्याही पक्षाने लढा दिला नाही. बसप्रवाशांची संघटना नसते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा खोळंबा बातमी होत नाही, कारण तो रोजचाच असतो.

पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर अशाच मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला होता. तेथील नगर रस्त्यावर पुढे उभारलेली राखीव मार्गिकाही अलीकडे टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. तिचे तपशील दिल्लीपेक्षा वेगळे असले तरी शेवटाची दिशा सारखीच आहे.

सम-विषम योजना : चुकीची मोजपट्टी

दिल्लीतील बसची मार्गिका उखडली जात असताना, त्याच महिन्यात, तेच शासन खाजगी मोटारींवर निर्बंध घालीत होते. १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात सम तारखेस सम क्रमांकाच्या व विषम तारखेस विषम क्रमांकाच्याच मोटारी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालवण्यास परवानगी होती. हा प्रयोग एप्रिल २०१६ मध्ये व पुन्हा ४ ते १५ नोव्हेंबर २०१९ या काळात झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो जाहीर झाला, परंतु अंमलात आला नाही.

योजनेतील सवलतींची यादी लांब होती. दुचाकी पूर्णपणे वगळल्या होत्या. मोटार चालवणाऱ्या एकट्या स्त्रिया, पदाधिकारी आणि २०१६ मध्ये सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी यांनाही सूट होती. आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी दिल्ली शासनासाठी केलेल्या अभ्यासानुसार वाहनांतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत मालमोटारींचा वाटा सुमारे ४६ टक्के, दुचाकींचा सुमारे ३३ टक्के आणि चारचाकी मोटारींचा सुमारे १० टक्के होता. म्हणजे निर्बंध ज्या वाहनांवर होता त्यांचा धुरातील वाटा मुळातच लहान होता आणि सवलतींमुळे तो आणखी घटला. शिकागो व हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांच्या विश्लेषणात जानेवारीच्या प्रयोगाच्या वेळेत अतिसूक्ष्म कणांत सुमारे १० ते १३ टक्के घट आढळली, तर एप्रिलच्या प्रयोगात लक्षणीय परिणाम दिसला नाही.

या आकड्यांवरून ही योजना निरर्थक होती असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. चारचाकी मोटारीचा धुरातील वाटा लहान असला तरी रस्त्याच्या जागेतील तिचा वाटा फार मोठा आहे. रस्ते मोकळे झाल्याचा अनुभव दिल्लीकरांनी जानेवारी २०१६ मध्ये घेतला होता. शाळांना सुटी असल्याने शाळांच्या बसही प्रवासी वाहतुकीसाठी उपलब्ध झाल्या होत्या. योजनेचे खरे मूल्य जागेच्या बाबतीत होते. तिची जाहिरात मात्र धुरावरील उपाय म्हणून झाली. हवेच्या मोजपट्टीवर ती अपुरी ठरताच तिला अपयशी म्हणणे सोपे झाले. वाहतूक किती सुरळीत झाली, बसच्या फेऱ्या किती वाढल्या, चाकरमान्याचा प्रवासाचा वेळ किती वाचला, हे प्रश्न मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी आलेच नाहीत.

तिन्ही धोरणे एकत्र पाहिली असता एक आकृतिबंध स्पष्ट होतो. परवान्यावर चालणाऱ्या सार्वजनिक वाहनांवर भार टाकणारे धोरण तडीस गेले. खाजगी मोटारीची जागा कायमची कमी करणारे धोरण मागे घेतले गेले. खाजगी मोटारीवर तात्पुरता निर्बंध घालणारे धोरण सवलतींनी पोखरले गेले. अलीकडचे उदाहरणही याच मालिकेतील आहे. मुदत संपलेल्या जुन्या वाहनांना इंधन न देण्याचा नियम दिल्लीत १ जुलै २०२५ रोजी लागू झाला आणि वाहनमालकांच्या नाराजीनंतर अवघ्या काही दिवसांत स्थगित झाला.

अन्य देशांतील अनुभव

असे होणे अपरिहार्य आहे काय? सिंगापूरने जून १९७५ मध्येच शहराच्या मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले आणि १९९० पासून नव्या मोटारींची संख्याही नियंत्रित केली. तेथील राजकीय व्यवस्था वेगळी असल्याने त्या उदाहरणावर आक्षेप घेता येईल. लंडन व स्टॉकहोम यांच्याबाबत तो घेता येत नाही.

लंडनमध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर पाच पौंडांचे दैनंदिन कोंडी शुल्क लागू केले. हे शुल्क सुरू होतानाच सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या गेल्या आणि मिळणारे उत्पन्न वाहतुकीसाठीच वापरण्याचे कायदेशीर बंधन होते. आधी पर्याय की आधी निर्बंध, हा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालणारा वाद तेथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी करून मिटवण्यात आला. आरंभीच्या वर्षांत कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. पुढे रस्त्यांच्या खोदकामांमुळे व बस आणि पादचाऱ्यांना अधिक जागा दिल्यामुळे ती पुन्हा वाढली, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग झाला. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. प्रयोगाआधी विरोध करणाऱ्या नागरिकांनी सप्टेंबर २००६ मधील सार्वमतात शहरापुरता बहुमताने कौल दिला आणि २००७ मध्ये हे शुल्क कायम झाले. तेथील शासनाने विरोध मावळण्याची वाट पाहिली नाही. लाभ प्रत्यक्ष दाखवला आणि मग मत विचारले.

ही उदाहरणे जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. आपल्या शहरांत दुचाकी हे निम्न मध्यमवर्गाचे साधन आहे व तिच्यावर सरसकट शुल्क बसवणे अन्यायाचे होईल. म्हणूनच आपल्याकडे आरंभ कोंडी शुल्काऐवजी चारचाकी वाहनांच्या पार्किंग शुल्कापासून करणे अधिक न्याय्य ठरेल. सार्वजनिक रस्त्यावर वाहन विनामूल्य उभे करता येणे हे जमिनीच्या मालकाव्यतिरिक्त मिळणारे एक अनुदानच आहे आणि ते मोटार नसलेल्या नागरिकाच्या खिशातूनही दिले जाते.

विद्युत मोटार आणि जुनी चूक

सध्या धोरणाचा सर्व भर विद्युत वाहनांवर आहे. बस, रिक्षा व दुचाकी यांच्या बाबतीत तो स्वागतार्ह आहे. मात्र विद्युत मोटार डिझेलच्या मोटारीइतकीच जागा अडवते. तिच्या नळीतून धूर निघत नसला तरी टायर, ब्रेक व रस्त्यावरील धूळ यांतून उडणारे कण थांबत नाहीत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विद्युत मोटारींना पथकरातून सूट देण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनने विद्युत मोटारींना कोंडी शुल्कातून दिलेली संपूर्ण सूट काढून घेतली आणि जानेवारी २०२६ पासून त्यांनाही, सवलतीच्या दराने का होईना, शुल्क लागू केले. धुराचा प्रश्न सुटत आला तरी जागेचा प्रश्न तसाच राहतो, हे त्या शहराने बावीस वर्षांच्या अनुभवातून ओळखले. आपण मात्र सीएनजीच्या वेळची चूक नव्या इंधनासह पुन्हा करीत आहोत.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेच्या सुनावणीत शहरातील हवा व वाहतूक यांबद्दल चिंता व्यक्त केली आणि पेट्रोल व डिझेलवरील वाहने टप्प्याटप्प्याने बंद करणे शक्य आहे काय, याचा अभ्यास करण्यास सांगितले. राज्य शासनाने त्यासाठी सात सदस्यांची समितीही नेमली. न्यायालयाची तळमळ निःसंशय आहे. परंतु प्रश्न पुन्हा इंधनाच्या भाषेत मांडला गेला. रस्त्यातील किती जागा बसची, किती पादचाऱ्याची व किती मोटारीची, हा प्रश्न त्याच गांभीर्याने विचारला जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) धूर व कोंडी यांवरील धोरणांची उद्दिष्टे स्वतंत्रपणे सांगितली पाहिजेत आणि त्यांचे मूल्यमापनही स्वतंत्र मोजपट्टीवर झाले पाहिजे. सम-विषम योजनेचा निवाडा केवळ हवेच्या आकड्यांवर झाला, ही मूल्यमापनाची चूक होती.

२) दिल्लीत धोरणाचे यश त्याच्या शास्त्रीय गुणवत्तेपेक्षा त्याचा भार कोणावर पडतो यावर अधिक अवलंबून राहिले. परवानाधारकांवर सक्ती झाली, खाजगी मोटारमालकांशी तडजोड झाली.

३) १९९८ च्या आदेशातील बससंख्येचे कलम हे त्यातील इंधनाच्या कलमाइतकेच महत्त्वाचे होते. बस वाढवल्याशिवाय मोटारीवर निर्बंध घालणे अन्यायाचे आहे आणि मोटारीची जागा न घटवता बस वाढवणे निष्फळ आहे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच निभाव लागतो.

४) विद्युत मोटारींना पथकर किंवा पार्किंग शुल्कातून सूट देण्यापूर्वी, ती सूट जागेच्या प्रश्नाला अधिक बिकट तर करीत नाही ना, हे तपासले पाहिजे.

रस्ता ही शहरातील सर्वांत मोठी सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचे वाटप दररोज होत असते. फक्त ते कोणी ठरवून केलेले नसल्यामुळे आपल्याला ते वाटप वाटत नाही. २००६ च्या धोरणाने हे वाटप माणसांच्या संख्येवर करावे असे सांगितले. त्याला वीस वर्षे झाली. त्या धोरणाचे वाक्य आजही बरोबर आहे आणि बसच्या थांब्यावरचा माणूस आजही तेथेच उभा आहे.